बाळाचा एक हात हलत नाहीये? जन्मताना खांद्याची नस दुखावली असेल तर पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

माझी मुलगी झाली तेव्हा ४ किलो १०० ग्रॅमची होती. मला शेवटच्या तीन महिन्यांत शुगर निघाली होती, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, मग जी काही धावपळ झाली त्यातलं मला अर्धंच आठवतंय. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाई झबलं बदलत होत्या आणि म्हणाल्या, अगं ही डावा हात उचलतच नाहीये. डिस्चार्ज देताना आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. परत दाखवायला गेलो तर उत्तर मिळालं, ताण बसलाय, होईल आपोआप बरं, वाट बघा. हे उत्तर पूर्ण खोटं नव्हतं, बहुतेक बाळांचा हात खरंच सुधारतो. पण कुठपर्यंत वाट बघायची आणि वाट बघताना घरी काय करायचं हे कोणी सांगितलं नाही, आणि या आजारात सगळं महत्त्व त्या तारखांनाच आहे. आज मुलगी सहा वर्षांची आहे. तेव्हा मला जे कोणीतरी बसून समजावून सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय.

आधी नीट बघा, हात नेमका कसा पडलाय

मानेच्या मणक्यातून पाच नसा निघतात, सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१, त्या खांद्याजवळ एकमेकींत गुंततात आणि तिथून पूर्ण हाताला जातात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा अडकला आणि मान एका बाजूला ताणली गेली की वरच्या दोन नसांना सगळ्यात जास्त झटका बसतो, त्याला एर्ब्स पाल्सी म्हणतात. हजार बाळांमागे साधारण एक-दोन बाळांना हे होतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात. आणि हे वर्णन काही आजचं नाही, फ्रान्सच्या दुशेननी १८७२ मध्ये आणि जर्मनीच्या एर्बनी १८७४ मध्ये ते लिहून ठेवलंय.

एर्ब्समध्ये हात शरीराला चिकटून खाली लोंबतो, खांदा आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागच्या बाजूला आणि मनगट वाकलेलं, जणू कोणी पाठीमागून गुपचूप हात पुढे करून काही मागतंय. पण बोटं हलतात. तुमचं बोट बाळाच्या तळव्यात दिलं तर ते घट्ट पकडतं. ही पकड असणं चांगली खूण आहे, म्हणजे खालच्या नसा शाबूत आहेत. दचकल्यावर बाळ दोन्ही हात पसरतं ना, त्यात एकच हात पसरला जाईल, हेही बघा.

पूर्ण हात, बोटांसकट, लुळा असेल तर पाचही नसांना मार आहे. आणि त्याच बाजूची पापणी खाली उतरलेली, डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा छोटी दिसत असेल तर नस मणक्यातूनच उपटली गेल्याची शक्यता असते. अशा बाळाला महिना-दोन महिने घरी ठेवून वाट बघायचीच नाही, थेट मोठ्या सेंटरला नंबर लावायचा.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. हात न हलण्याचं कारण दरवेळी नसच असेल असं नाही. हंसळीचं हाड किंवा दंडाचं हाड मोडलं असेल तरी बाळ दुखतं म्हणून हात हलवत नाही, म्हणून एक एक्स-रे व्हायलाच हवा. आणि हात आधी चांगला हलत होता आणि आठ-पंधरा दिवसांनी अचानक थांबला, हात लावला की बाळ किंचाळतं, ताप आहे किंवा दूध ओढत नाही, तर ते सांध्यातलं किंवा हाडातलं इन्फेक्शन असू शकतं. तेव्हा सकाळ व्हायची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तसंच श्वास भराभर चालू असेल, दूध पिताना धाप लागत असेल तर तेही लगेच सांगा, कारण श्वासाच्या पडद्याची नस मानेतूनच जाते आणि कधीकधी तिलाही त्याच वेळी मार बसतो.

नस दुखावली म्हणजे आत काय झालं

हे समजून घेतलं की पुढच्या तारखा का पाळायच्या ते कळतं. नस नुसती ताणली असेल तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाग येते. आतले धागे तुटले पण वरचं आवरण टिकलं असेल तर धागे परत वाढतात, साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. बाळाचा हात छोटा म्हणून अंतर कमी, हा लहान मुलांचा मोठा फायदा आहे. नस पूर्ण तुटली असेल तर मध्ये गाठ तयार होते आणि धागे तिथेच अडकतात. आणि मणक्यातून मुळासकट उपटली असेल तर ती आपोआप कधीच जुळत नाही.

बाहेरून बघून पहिल्या आठवड्यात यातलं काय झालंय ते कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणूनच वाट बघतात. पण तिकडे स्नायू काही कायम वाट बघत नाही. साधारण वर्ष ते दीड वर्ष त्याला नसेचा निरोप पोचला नाही तर तो कायमचा सुकतो, मग नंतर नस जोडूनही उपयोग नसतो.

पहिले दहा दिवस: हात शांत ठेवा

यात व्यायाम नाही, ताणणं नाही, काही नाही. दुखावलेल्या जागी सूज असते. डॉक्टरांनी सांगितलं तर झबल्याची बाही पोटाजवळ सेफ्टी पिनने अडकवून हात पोटावर ठेवायचा, पण असा बांधलेला हात आठवडे न आठवडे ठेवायचा नाही, सांधा आखडतो.

बाळाला उचलताना एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. बगलेत हात घालून उचलायचं नाही, हाताला धरून तर कधीच नाही. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना तोच हात शेवटी. पुढून उघडणारी झबली घ्या, डोक्यातून घालायचे टी-शर्ट सहा महिने बाजूला ठेवा. कुशीवर झोपवलं तर दुखरा हात अंगाखाली जाऊ देऊ नका. दुपट्यात गुंडाळताना हात मागे लोंबकळत राहणार नाही ना ते बघा, तो पोटावर आणून मग गुंडाळा.

मालिश आणि शेक, इथे घरात ठाम राहा

आपल्याकडे बाळंतपण म्हणजे मालिशवाल्या मावशी येणारच. आमच्या मावशी वीस वर्षं हेच काम करत होत्या, हात फार प्रेमळ होता त्यांचा, पण आंघोळीच्या वेळी बाळाचे दोन्ही हात धरून छातीवर कैचीसारखे ओढायचे, मग पाय धरून उलटं करायचं, मग खांद्यातून वर उचलायचं, ही त्यांची पद्धत. ताणलेल्या नसेला हे अजिबात चालत नाही. आम्ही त्यांना समोर बसवून सांगितलं की मावशी, या हाताला नुसतं हलकं तेल लावा, ओढायचं नाही, उचलायचं नाही, आणि पहिले तीन आठवडे तर हात लावूच नका. त्यांनी ऐकलं. तुमच्याकडच्या ऐकत नसतील तर स्वतः आंघोळ घाला, कोणाला राग येईल तर येऊ दे.

शेगडीचा शेक याहून धोक्याचा. ज्या हाताला नीट जाणीवच नाही त्याला भाजलं तरी बाळ रडणार नाही, तुम्हाला कळेपर्यंत फोड आलेला असेल. त्या हाताला शेक नाही, गरम फडकं नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. याच कारणाने दात यायला लागले की काही मुलं स्वतःचीच बोटं चावून जखमा करून घेतात, रोज बोटं तपासा, गरज पडली तर मोजा घाला.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून: व्यायाम, पण ताकदीचा नाही, सांध्याचा

डॉक्टर किंवा फिजिओ हो म्हणाले की सुरू करायचं, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवायचं. हे व्यायाम करून नस लवकर वाढत नाही, हा गैरसमज मलाही होता. व्यायाम कशासाठी, तर नस पोचेपर्यंत खांदा, कोपर, मनगट मोकळं राहावं यासाठी. नस आली आणि सांधा आखडलेला असला तर काय फायदा.

आम्ही प्रत्येक लंगोट बदलताना करायचो, म्हणजे वेगळी वेळ काढावी लागत नाही आणि विसरत नाही. बाळाला पाठीवर झोपवून, हळूहळू, प्रत्येक प्रकार ५ ते १० वेळा, टोकाला थोडं थांबून.

सगळ्यात महत्त्वाचा पहिला. कोपर काटकोनात वाकवून कमरेला चिकटवून ठेवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला गादीकडे न्यायचा, म्हणजे दार उघडतो तसा हात उघडायचा. दोन्ही हातांनी एकदम केलं तर बाळ सरळ राहतं आणि फरक लगेच दिसतो. एर्ब्समध्ये खांदा आत वळवणारे स्नायू चालू असतात आणि बाहेर वळवणारे झोपलेले, त्यामुळे खांदा रोज थोडा थोडा आत आखडत जातो आणि वाढत्या वयात दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून मागे सरकायला लागतो. बाकी काही झालं नाही त्या दिवशी तरी हा व्यायाम चुकवू नका.

दुसरा, एका हाताने पाठीचं फऱ्याचं हाड हलकं दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने बाळाचा हात कानापर्यंत वर न्यायचा. हाड धरलं नाही तर ते सोबत फिरतं आणि आपल्याला वाटतं खांदा मोकळा आहे. तिसरा, कोपर वाकवणं आणि सरळ करणं. चौथा, कोपर वाकलेलं ठेवून तळवा आकाशाकडे, प्रसाद घेताना करतो तसा. मग मनगट वर, बोटं आणि अंगठा उघडणं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, अंग चोरलं की तिथेच थांबा. जोर लावून ताणायचं नाही.

इथे आमची चूक सांगते. पाचव्या महिन्यात कोपर वाकायला लागलं, आम्ही आनंदात गावी गेलो, लग्नकार्य, पाहुणे, दोन महिने व्यायाम जवळजवळ बंद. परत आलो तेव्हा तो बाहेर वळवायचा व्यायाम होईना, हात अर्ध्यावरच अडायचा. पुढे सोनोग्राफीत गोळा मागे सरकलेला दिसला आणि चौदाव्या महिन्यात भूल देऊन खांदा जागेवर बसवला, आत ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्स दिलं आणि सहा आठवडे प्लास्टर. तान्ह्या पोरीला प्लास्टरमध्ये उन्हाळ्यात सांभाळणं काय असतं ते मी सांगायला नको. कोपर आलं म्हणजे काम झालं असं समजू नका, खांदा वेगळा बघावा लागतो. आणि व्यायाम करूनही काही मुलांचा खांदा आखडतोच, तो आईबापाचा दोष नाही, फक्त लवकर कळलं पाहिजे.

तारखा वहीत लिहा, व्हिडिओ काढा

दर महिन्याला एकाच तारखेला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. बाळ उघडं, पाठीवर झोपलेलं, मग मांडीवर बसवलेलं, समोर खुळखुळा. चांगला हात अलगद धरून ठेवा आणि दुखऱ्या हाताने घेतं का बघा. डॉक्टरांच्या केबिनमध्ये बाळ एकतर झोपतं किंवा रडतं, तिथे हा व्हिडिओच कामाला येतो.

१ महिना: हात पूर्ण नॉर्मल हलत असेल तर छान, अशा बाळांना सहसा काही उणीव राहत नाही. नसेल तर आता फक्त बालरोगतज्ज्ञांवर थांबू नका, फिजिओ सुरू झालेली हवी आणि ब्रेकियल प्लेक्सस बघणाऱ्या सर्जनची अपॉइंटमेंट घेतलेली हवी. अशा सर्जनला पहिल्यांदा भेटणं म्हणजे ऑपरेशन ठरवणं नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांगा, आमच्याकडे यावरूनच मोठा वाद झाला होता.

३ महिने: सगळ्यात मोठी तारीख. कोपर स्वतःच्या ताकदीने, वजनाच्या विरुद्ध, वर वाकतं का? वाकत नसेल तर ऑपरेशनचा विचार सुरू करायचा, पॅरिसच्या गिल्बर्ट सर्जननी ही ३ महिन्यांची खूण रूढ केली आणि आजही जगभर ती बघतात. पूर्ण हात लुळा आणि पापणी उतरलेली असेल तर बरेच सर्जन याच वयात ऑपरेशन करतात.

६ महिने: बाळाच्या चेहऱ्यावर पातळ रुमाल क्षणभर टाकायचा, चांगला हात धरून ठेवायचा, दुखऱ्या हाताने रुमाल ओढतं का बघायचं. तुम्ही समोरच बसून, लगेच काढून घ्यायचा.

९ महिने: टोरंटोच्या डॉक्टरांची बिस्किटाची टेस्ट. दुखऱ्या हातात बिस्कीट द्या, दंड अंगाला चिकटवून धरा आणि मान फार न वाकवता ते तोंडापर्यंत नेतं का बघा. आपल्याकडे उष्टावण तोपर्यंत झालेलंच असतं, त्यामुळे बिस्किटाची ओढ असतेच. ३ महिन्यांला काठावर असलेल्या बाळांचा निर्णय बरेचदा या टेस्टवर होतो.

३ महिन्यांनंतर दर भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: खांदा खोबणीत आहे का, सोनोग्राफी करायची का? हा प्रश्न मी वेळेत विचारला असता तर बरं झालं असतं.

टेस्ट आणि ऑपरेशन

नसेची करंट लावून करायची टेस्ट, एनसीव्ही-ईएमजी, तान्ह्या बाळात कधीकधी हाताच्या खऱ्या हालचालीपेक्षा जास्त आशादायक चित्र दाखवते. रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, हाताची हालचाल हीच मुख्य टेस्ट. एमआरआय मणक्यातून नस उपटलीय का ते बघायला, तोही सहसा ऑपरेशनचा विचार असेल तेव्हा.

नसेचं ऑपरेशन साधारण ३ ते ९ महिन्यांच्या वयात होतं. मधली गाठ काढून पोटरीमागची एक जाणिवेची नस काढतात आणि तिचे तुकडे पुलासारखे जोडतात. ती नस काढल्याने चालण्यावर परिणाम होत नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडी बधिरता राहते. उपटलेली नस जोडता येत नाही, मग शेजारच्या चालू नसेचा एक भाग वळवून देतात. आणि ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी हात हलत नाही, परत तीच मिलिमीटरची चाल, फरक दिसायला सहा-सहा महिने लागतात, पुढे दोन-तीन वर्षं सुधारणा चालू राहते. हे आधी माहीत असलं की माणूस खचत नाही.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचा विभाग असतो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतो, तिथे फिजिओ मोफत असते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तरी आपल्याच लोकांना माहीत नाही. मला आठव्या आठवड्यात तिथल्याच फिजिओ ताईंनी ३ महिन्यांची तारीख पहिल्यांदा सांगितली. ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नको.

बाळ मोठं होताना

मूल चांगल्या हाताने सगळं उरकायला शिकतं, मेंदू दुसऱ्या हाताला विसरतो. म्हणून दोन्ही हात लागतील असे खेळ: मोठा चेंडू, टाळ्या, नमस्कार, कणकेचा गोळा मळायला द्या, परातीतले मुरमुरे वेचायला द्या. पालथं झोपवून हातावर वजन घ्यायला लावा, नंतर रांगायला. रोज थोडा वेळ चांगल्या हातात मोजा घालून खेळवता येतं, पण फिजिओला विचारून, आणि मुलाला शिक्षा वाटेल असं नाही.

नस फक्त जन्मतानाच दुखावते असं नाही

थोडक्यात सांगते. झाडावरून किंवा झोपाळ्यावरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलं तर प्लास्टरच्या आधी आणि नंतर मुलाला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायला सांगा, मनगट वर करायला सांगा, बोटं पसरायला सांगा. जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवून कागदावर लिहून घ्या. यातल्या बहुतेक नसा तीन-चार महिन्यांत आपोआप येतात. कुल्ल्यावर इंजेक्शन दिल्यावर मूल पाऊल ओढत चालायला लागलं तर सायटिक नसेला मार असू शकतो, वेळ न घालवता दाखवा, आणि तान्ह्या बाळाला इंजेक्शन मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूलाच द्या म्हणून आग्रह धरा. काच किंवा पतंगाच्या मांजाने बोट कापलं आणि पुढचा भाग बधिर झाला तर नुसते टाके घालून घरी येऊ नका, आत नस तुटलीय का ते बघायला लावा. छोट्या मुलाला बधिरता सांगता येत नाही, त्यासाठी एक साधी युक्ती: जखम भरल्यावर कोमट पाण्यात अर्धा तास हात खेळवा, बाकीच्या बोटांना सुरकुत्या येतील, नस तुटलेल्या बोटाला येणार नाहीत.

शाळेत गेल्यावर

दुखरा हात थोडा बारीक आणि आखूड राहू शकतो. साधारण २० ते ३० टक्के मुलांमध्ये काही ना काही उणीव उरते. वाढीच्या वयात वर्षातून एकदा तरी दाखवत राहा, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हा खांदा परत आखडू शकतो, आणि गरज पडली तर पाठीचा स्नायू फिरवून खांदा बाहेर वळवायचं ऑपरेशनही करता येतं. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा की हात वर करायला सांगितल्यावर हिचा एक हात अर्धाच जातो, ती आळस करत नाहीये. पोहणं आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं, त्यात दोन्ही हात मारावेच लागतात.

डॉक्टर प्रत्येक भेटीत तिला पाच गोष्टी करायला सांगतात: हात बाजूने वर, हात बाहेर, तोंडाकडे, पाठीमागे आणि मानेमागे. पहिल्या चार तिला कमी-जास्त जमतात. मानेमागे हात अजून नीट पोचत नाही, म्हणून शेंडी मी वर डोक्यावर बांधते, तिथे तिला स्वतः रबर लावता येतं, आणि सध्या रोज सकाळी आरशासमोर ती ते थोडं थोडं खाली बांधून बघतेय.